झोपेची वही

सकाळी उठल्या उठल्या कुणी "काय, झोप लागली का?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. पाहुणा म्हणून गेलो की यजमान विचारतात, घरी सुना विचारतात, आणि डॉक्टर तर पहिला प्रश्न तोच विचारतो. माझी बायको एवढी वर्षं माझ्याबरोबर काढून शहाणी झाली आहे. ती विचारत नाही. ती फक्त चहाचा कप पुढे ठेवते आणि माझ्या डोळ्यांकडे बघून काय ते समजते. मला झोप लागत नाही, हे खरं आहे. त्यावर लोकांनी सुचवलेले उपाय मी करून पाहिले आहेत. तळपायाला तूप चोळलं, म्हशीचं दूध प्यालो, उशी बदलली, दिशा बदलली. पण ज्या माणसाने चार महिने दुसऱ्यांच्या झोपेचा हिशेब खोटा लिहिला, त्याला तूप चोळून काय होणार?

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची. मी मॅट्रिक होऊन ब्राह्मणपुरीला घरी बसलो होतो. शेतावर तीन भाऊ आधीच होते आणि चौथ्याला करण्यासारखं काम तिथे नव्हतं. नवीन लग्न झालेलं, बायको एकोणीस वर्षांची. तिच्यासमोर रोज सकाळी काही काम नसलेला माणूस म्हणून उठायची मला लाज वाटायची. तेवढ्यात शहाद्याच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हजेरीच्या कारकुनाची जागा मिळाली. कापूस यायला लागला की जिन सुरू व्हायचं आणि होळीच्या पुढेमागे बंद व्हायचं. जिन बंद झालं की कारकूनही बंद. बाराही महिने ठेवलेले कारकून दोनच होते. त्यांतला एक म्हातारा होता आणि माझा डोळा त्याच्या खुर्चीवर होता. हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

जिन म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. भिंतीला लागून यंत्रांची ओळ, प्रत्येक यंत्रापुढे एक बाई. तिने मुठीमुठीने कापूस फिरत्या रोलरवर सोडायचा. रुई पलीकडे पडायची, सरकी खाली. सगळीकडे रुईची धूळ. बाया नाकातोंडावर फडकं बांधायच्या, त्यामुळे मला पहिले पंधरा दिवस कोण कोण ते कळतच नव्हतं. डोळ्यांवरून ओळखायला शिकलो. डोळे लाल कुणाचे, पापण्या जड कुणाच्या, हे मला नको तितकं कळायला लागलं ते तिथेच.

त्या बायांत एक होती, तिला सगळ्या म्हसावदवाली म्हणायच्या, कारण तिचं माहेर म्हसावद. माझ्या आईचं माहेरही म्हसावद. आमच्याकडे एवढं पुरतं. पहिल्याच दिवशी तिने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "कोन्हा रे तू?" मी आईचं घर सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी तुन्ही मावशी." त्या दिवसापासून ती मावशी आणि मी भाऊ. चाळिशीची असेल. अंगाने काटक, बोलायला तिखट. नवऱ्याला दमा, तो गोमाई नदीच्या काठावरच्या झोपडीत बसून असायचा. पहिलटकरीण लेक बाळंतपणाला आलेली. तीन माणसं आणि एक तान्हं मूल तिच्या दोन हातांवर होतं.

त्या वर्षी मॅनेजर नवीन आले. पुण्याकडचे, तिशीतले, ताठ. सदरा स्वच्छ, बूट स्वच्छ, नखं स्वच्छ. चहा पीत नसत. रोज पहाटे नमस्कार घालत आणि किती घातले ते दिवसभरात एकदा तरी सांगत. मी त्यांची टिंगल करतो आहे, पण माणूस वाईट नव्हता. आधीच्या हंगामात एका बाईची दोन बोटं रोलरमध्ये गेली होती. त्यांनी येताच चौकशी केली आणि निदान केलं की बाई कामावर पेंगत होती. निदान बरोबर होतं. "झोप पुरी झाली नाही की हात चुकतो," असं ते म्हणाले, तेही बरोबर होतं. चूक पुढे होती, आणि ती इतकी शिस्तशीर होती की चूक वाटतच नव्हती.

त्यांनी ठरवलं की हे जिन आरोग्याचं जिन करायचं. आधी कवायत आली. भोंगा सातला व्हायचा, आता सगळ्यांनी साडेसहाला अंगणात उभं राहायचं. गड्यांनी नमस्कार घालायचे, बायांनी हात वर, हात बाजूला, हात खाली. डोक्यावर पाण्याचे दोन हंडे आणि कडेवर पोर घेऊन गोमाईची दरड चढून आलेल्या बाया माझ्यासमोर उभ्या राहून हात वरखाली करायच्या. मोजायचं काम माझ्याकडे. मी "एक, दोन" म्हणायचो आणि मावशी फडक्याआडून म्हणायची, "भाऊ, आते तीन बी म्हनी टाक, सैपाकले उशीर व्हयना म्हनीसन आज मी उपाशीच शे." बाया हसायच्या. साहेबांना वाटायचं, व्यायामाने चेहरे प्रसन्न झाले.

मग त्यांनी सगळ्यांचं वजन करायचं काढलं. वजनकाटा कापसाचाच होता, गासड्या तोलायचा. त्यावर बायांनी एकेक करून बसावं असं त्यांचं म्हणणं. एकही बसली नाही. "जित्ता मानूसले काटावर कोनी तोलस का रे?" मावशीने मला दटावलं, जणू मीच काटा आणला होता. तिथे साहेबांनी माघार घेतली. पण माघारीचा राग माणूस कुठेतरी काढतोच. आठ दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर एक कोरी वही ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, रेघा आखलेली. म्हणाले, "ही झोपेची वही. रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचं, काल रात्री किती तास झोपलात. आकडा मांडायचा. ज्याची झोप सहा तासांपेक्षा कमी, त्याला त्या दिवशी घरी पाठवायचं. विश्रांतीसाठी."

मला ती कल्पना आवडली. लाज वाटते, पण आवडली. मला वाटलं, असा विचार करणारा मालक किंवा मॅनेजर या मुलखात दुसरा नसेल. पहिल्या सकाळी मी ऐटीत वही उघडली.

"किती तास झोपलात?"

पहिलीने माझ्याकडे बघितलं, मग शेजारणीकडे. घड्याळ सगळ्या जिनमध्ये एकच, साहेबांच्या भिंतीवर. शेवटी मावशी पुढे झाली. "भाऊ, आमनाकडे घड्याळ कोठे शे? चांदनी उगनी का मी उठस. दळाले बसस, मंग पानी, मंग सैपाक. आनि अंडेरनं पोर जपू देस तव्हय मी जपस. काल ते चार दाव उठनं. आते तूच तास काढ."

लेकीचं पोर झोपू देईल तेवढंच ती जपायची, म्हणजे झोपायची, आणि काल ते चारदा उठलं होतं. मी तास काढले. तीन, फार तर साडेतीन. दुसरीचे चार. तिसरीचे पाच. प्रत्येकीला चांदणी, कोंबडा, दळण विचारून मी मोठ्या हुशारीने तास बसवले आणि सगळे आकडे खरे लिहिले. साहेबांनी वही बघितली आणि त्यांचा चेहरा काळजीने उतरला. खरंच उतरला. त्यांनी सात बायांना घरी पाठवलं, मावशी त्यांत होती. "घरी जाऊन शांत झोपा," असं त्यांनी हात जोडून सांगितलं. घरी जाऊन काय झोपणार? त्यातल्या तिघी दुसऱ्याच्या शेतावर मजुरी मिळते का ते बघायला गेल्या. मावशी नवऱ्याला काय सांगायचं ते सुचेना म्हणून दिवसभर नदीवर कपडे धूत बसली. दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

दुसऱ्या दिवशी कवायतीच्या आधीच ती माझ्या टेबलाशी आली. या वेळी फडकं बांधलेलं नव्हतं.

"भाऊ, तू आठ लिख."

"मावशी, खरं लिखानं शे."

"खरं लिखीसन तू माले जेवाले घालशी का? आठ लिख. कोनी इचारं ते मी सांगसू, मीच सांगं व्हतं."

मी आठ लिहिलं. तिच्यामागे उभ्या सगळ्यांनी आठ सांगितलं, मी आठ लिहिलं. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला. एका कागदी आकड्याने सात घरांची चूल पेटली, असं मी बायकोला फुशारकीने सांगितलंही. मग मला वाटलं, सगळेच आठ दिसले तर साहेबांना संशय येईल. म्हणून मी कलाकुसर सुरू केली. कुणाला साडेसात, कुणाला सव्वाआठ, एखाद्या म्हातारीला सात. सोमवारी थोडी कमी, कारण रविवारी बाजार. गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात पाव तास जास्त. शाळेत निबंधाला मला कधी शाबासकी मिळाली नव्हती. त्या वहीत मी माझं सगळं कौशल्य ओतलं.

साहेब हरखून गेले. महिन्याभरात सगळ्या जिनची झोप सुधारली होती आणि त्याचं श्रेय कवायतीला होतं. त्यांनी एक तक्ता करवला आणि भिंतीवर लावला. मालक बाजारातल्या पेढीवरून एकदा आले, त्यांना तो दाखवला. मालकांना तक्त्यातलं काही कळलं नाही, पण बरं वाटलं. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या मुलाने फार मन लावून काम केलंय. हंगाम संपला तरी याला सोडायचं नाही असं माझ्या मनात आहे." मी त्या दिवशी घरी जाताना बायकोसाठी बांगड्या घेतल्या. अजून कायम झालो नव्हतो, पण मनाने त्या खुर्चीत बसलो होतो.

जिनच्या अंगणात एक मोठा कडुलिंब होता. दुपारी तासभर सुट्टी असायची. बाया दहा मिनिटांत भाकर खायच्या आणि लिंबाखाली पदर तोंडावर घेऊन आडव्या व्हायच्या. पडल्या की मेल्यासारख्या झोपायच्या. वर कावळे ओरडोत, बैलगाड्या येवोत, त्यांना काही पत्ता नसे. त्यांची खरी झोप ती होती. रात्री जे काही मिळे ते उरलंसुरलं. हे मला माहीत होतं. वहीत ते लिहायला रकाना नव्हता.

पौष संपता संपता एका दुपारी साहेब ऑफिसच्या दारात उभे राहून लिंबाखाली बघत राहिले. मग आत आले, माझी निळी वही उघडली, पानं उलटली.

"रात्री आठ-आठ तास झोपतात," ते म्हणाले, "आणि दुपारी पुन्हा? दिवसा झोपणं प्रकृतीला वाईट. कफ वाढतो, अंग जड होतं. आपण यांना सवय लावून बिघडवतो आहोत."

दुसऱ्या दिवशी हुकूम लागला. दुपारची सुट्टी अर्धा तास. जेवण झाल्यावर झोपायचं नाही, अंगणात शतपावली करायची. आणि कुणी आडवं होत नाही ना, हे बघायचं काम माझ्याकडे.

मी तो हुकूम वाचून दाखवला तेव्हा कुणी ओरडलं नाही. बाया माझ्याकडे बघत होत्या. मावशीने सावकाश फडकं तोंडावर बांधलं आणि आत गेली. त्यांच्या लेखी तो हुकूम माझ्या अक्षरातला होता, आणि खरोखरच माझ्या अक्षरातला होता. माझ्या आठ-आठांनीच तो लिहिला होता.

त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली. भीती म्हणजे नक्की काय ते सांगतो. मी हजेरी घ्यायच्या निमित्ताने आत फेऱ्या मारायचो आणि मावशीच्या हाताकडे बघायचो. मूठ उघडते, कापूस सुटतो, हात मागे येतो. मूठ उघडते, कापूस सुटतो, हात मागे येतो. दुपारनंतर तिची मान एकदम खाली जायची आणि तिथेच झटक्याने वर यायची. आधीच्या वर्षीची ती दोन बोटं मी बघितली नव्हती, पण मला ती दिसायची. जेवताना दिसायची, घोटभर पाणी पिताना दिसायची. बायको हातात बांगड्या घालून भाकर थापत असली की मी तिला म्हणायचो, हात जपून. ती हसायची. तव्याला काय भ्यायचं?

एकदा मी मावशीच्या मागेच उभा राहिलो, तिची मान गेली तर धरावी म्हणून. ती न वळता म्हणाली, "माले दखू नको रे असा. तू दखस ते मन्हा हात थरथरस."

"मावशी, तू दोन दिवस घरी बस."

"घरी बसीसन? तू रोज माले आठ लिखी ऱ्हायना, मंग मी कसाले घरी बसू?" ती म्हणाली. त्यात चिडणं होतं की थट्टा, ते फडक्यामुळे कळलं नाही.

माझी स्वतःची झोप गेली ती तेव्हा. वहीत कारकुनांचीही नोंद असायची. सगळ्यांत शेवटी मी माझं नाव लिहायचो आणि पुढे आठ. डोळे चुरचुरत असायचे, आकडा मात्र ठणठणीत. मी खरं लिहिलं असतं तर साहेबांनी मलाही घरी पाठवलं असतं, आणि ज्याला झोप लागत नाही त्याला कायम कोण करतो?

मी सांगायचं ठरवलं होतं. हे खोटं नाही. तीनदा ठरवलं. तिसऱ्या वेळी साहेबांच्या खोलीत गेलोदेखील. ते दूध पीत होते. मला बसायला सांगितलं, कधी सांगत नसत. म्हणाले, "बरं झालं आलात. म्हाताऱ्या कारकुनाला पुढच्या महिन्यात मोकळं करतो आहोत. तुमच्या नावाची चिठ्ठी मालकांकडे धाडली आहे." मग विचारलं, "तुमचं काय काम होतं?"

मी म्हणालो, "वहीची पानं संपत आली, साहेब. नवी लागेल."

त्यांनी लगेच नवी काढून दिली. हिरव्या पुठ्ठ्याची.

आणि मग ती सकाळ आली. माघ सरत आला होता, उन्हं तापायला लागली होती. कवायत झाली. साहेब त्या दिवशी स्वतः अंगणात थांबले होते. मी हिरवी वही घेऊन ओळीपुढे उभा. मावशी नेहमी तिसरी-चौथी असायची, त्या दिवशी पहिली येऊन उभी राहिली. तिचे डोळे इतके सुजले होते की मला वाटलं घरी काही वाईट झालं. नंतर कळलं, नातवाला ताप होता आणि ती दोन रात्री बसून होती.

"किती तास?" मी विचारलं. पेन्सिल आठाच्या पहिल्या वळणावर टेकलेली होती.

ती माझ्याशी बोललीच नाही. साहेबांकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "साहेब, मी तीन तास जपस. काल तेवढं बी नही, परोन बी नही. आम्ही समद्या खोटं सांगी ऱ्हायनूत. रातनी झोप आमना नशीबमा नही. दुपारनी व्हती, ती तुम्ही लयी लिधी. ती तेवढी परत द्या, नही ते कोन्हातरी हात जाई."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "मग वहीत आठ कसे?"

मावशीने माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. "भाऊनी काय चूक नही. मी आठ सांगं, त्यानी आठ लिखं."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं का हे?"

इतकंच विचारलं. मला एक शब्द बोलायचा होता आणि तो काय बोलायचा ते मी तीनदा ठरवून ठेवलेलं होतं. मावशी माझ्याकडे बघत होती. तिने माझ्यासाठी वाट करून ठेवली होती, सगळं अंगावर घेऊन. त्या वाटेने मी सुटावं अशीच तिची इच्छा होती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तिचे डोळे तसं म्हणत नव्हते. ते नुसते थांबले होते.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

साहेब म्हणाले की खोटं सांगणाऱ्या माणसाला यंत्रापाशी उभं करता येत नाही, तिने उद्यापासून येऊ नये. आवाज चढवला नाही. मावशीने फडकं खांद्यावर टाकलं, लिंबाच्या फांदीला टांगलेलं भाकरीचं गाठोडं काढलं आणि फाटकाबाहेर गेली. जाताना माझ्याजवळून गेली, पण थांबली नाही.

"पुढची," साहेब म्हणाले.

पुढची बाई आली. मी विचारलं, किती तास. तिने फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "आठ." मी आठ लिहिलं. तिच्या मागची म्हणाली आठ. मी लिहिलं. शेवटपर्यंत सगळ्यांनी आठ सांगितलं, साहेब ऐकत उभे होते, आणि मी सगळं सुवाच्य अक्षरात लिहीत होतो.

त्याच संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. नजर वर न करता म्हणाले, "उन्हं वाढलीत. उद्यापासून दुपारची सुट्टी पुन्हा एक तास करा. झाडाखाली पडायचं त्याला पडू द्या. फळ्यावर लिहा, उन्हामुळे." मी बरं म्हणालो. दाराशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "आणि वही चालू ठेवा. मालक विचारतात." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना सगळं कळलं होतं. माझं "नाही" खोटं होतं हेही कळलं होतं, आणि त्या एका शब्दानेच माझी खुर्ची पक्की केली होती. त्यांना असाच कारकून हवा होता. मीही तसाच होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया लिंबाखाली पडल्या आणि मेल्यासारख्या झोपल्या. एका बाईची जागा बुंध्यापाशी रिकामी होती, तिथे कुणी आडवं झालं नाही. हंगाम संपेपर्यंत कुणाचा हात गेला नाही. मी सुदैवाने म्हणत नाही, तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. मावशीच्या रोजीच्या बदल्यात ती झोप त्यांना मिळाली होती.

होळीनंतर मी कायम झालो. आईला वाटलं, पोराने नाव काढलं. मी मावशीचा पत्ता काढला होता. तिने झोपडी मोडली, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन म्हसावदला भावाकडे गेली, असं बाया सांगायच्या. मी गेलो नाही. जाऊन काय म्हणणार होतो, ते ठरवून ठेवण्यावर आता माझाच विश्वास उरला नव्हता.

पुढच्या वर्षी वैशाखात मामाच्या मुलीचं लग्न निघालं आणि मला म्हसावदला जावंच लागलं. मांडवात बसलो होतो. पलीकडच्या ओसरीवर एक बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली दिसली. फडक्याशिवाय तिचा चेहरा मी क्वचितच बघितला होता, तरी डोळ्यांवरून ओळखलं. पळून जावंसं वाटलं. पण तिनेही ओळखलं होतं आणि हाताने बोलावत होती. गेलो, पाया पडलो. तिने पाठीवरून हात फिरवला. त्यात राग नव्हता, मी शोधला, पण नव्हता. नवरा कसा आहे विचारलं. "गया तो," ती म्हणाली, "थंडीमा." लेक सासरी नांदायला गेली होती, हे पोर मागे ठेवून, कारण ती पुन्हा गरोदर होती. मी काही तरी पुटपुटलो. कायम झालो हे सांगितलं नाही, तिला ठाऊक होतं.

मग तिने माझ्या डोळ्यांकडे नीट बघितलं, जसं मी कधी काळी रोज सकाळी तिच्याकडे बघायचो. विचारलं, "झोप लागस ना भाऊ तुले?"

आता तरी खरं सांगायला काय हरकत होती? वही नव्हती, साहेब नव्हते, खुर्ची माझीच होती.

"लागस ना, मावशी," मी म्हणालो. "आठ तास."

ती हसली. पोराची कूस बदलली, त्याच्या पाठीवर थापटत म्हणाली, "मंग लिखी ले." आणि पोराला थोपटत राहिली.